पुसण्याआधी पुसावं

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल सांगितलं. कुणी कपाशीचं सांगितलं, कुणी दवाखान्याचं, कुणी एसटीच्या डेपोतलं. माझी पाळी आली तेव्हा सूत्रसंचालन करणारी आपली मैत्रीण कानाशी येऊन म्हणाली, "तुझं ते कॉम्प्युटरचं सांग, पण पुढे जेवण आहे, समजेल असं सांग." म्हणून मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. जुना प्रोग्राम साफ करणं. त्यात माझ्या हातून झालेली एक मोठी चूकही आहे. ती इथेच सांगायची असं मी ठरवून आले, कारण ती होऊ नये म्हणून काय करायचं ते आपल्या वर्गाच्या फळ्यावर रोज लिहिलेलं असायचं.

मी स्थापत्य अभियंता आहे. नागपूरच्या एका सल्लागार कार्यालयात कालव्यांचं आणि रस्त्यांचं डिझाइन करते. कालवा म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सेलूकडच्यांनी बोर धरणाचं पाणी पाहिलं आहे, आर्वीकडच्यांनी धनोडीजवळ निम्न वर्धा प्रकल्प उभा राहताना पाहिला आहे. पण कालवा खोदण्याआधी तो कागदावर खोदावा लागतो. ठरावीक अंतरावर जमीन आडवी कापली तर कशी दिसेल, त्यात कालवा कसा बसेल, किती माती काढायची, किती भरायची, याचं एकेक चित्र काढावं लागतं. त्याला आम्ही क्रॉस-सेक्शन म्हणतो. वीस किलोमीटरच्या कालव्याला दर तीस मीटरवर एक सेक्शन धरला, तर साडेसहाशेहून जास्त सेक्शन होतात. पूर्वी ड्राफ्ट्समन मंडळी हे सगळं ट्रेसिंगवर शाईच्या पेननं काढायची, मग अमोनिया प्रिंट निघायचे. एका सर्वेक्षणाचे आकडे बदलले की महिन्याचं काम पुन्हा.

१९८२ मध्ये अमेरिकेत ऑटोकॅड नावाचा नकाशे काढायचा प्रोग्राम आला. १९८६ मध्ये त्याच्या पोटात एक छोटी भाषा बसवण्यात आली, ऑटोलिस्प. तिची मूळ आई लिस्प, जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटी या संस्थेत सुरू केलेली. आजही वापरात असलेल्या संगणकीय भाषांत तिच्याहून जुनी फोरट्रानसारखी एखादीच. लिस्प ओळखायची खूण सोपी आहे. सगळीकडे कंस. कंसात कंस, त्यात कंस. आपल्या बीजगणिताच्या पेपरात कंस सोडवता सोडवता जे व्हायचं, तेच लिस्प पहिल्यांदा बघणाऱ्याचं होतं. पण ऑटोलिस्पमुळे एक झालं. ज्याला नकाशा काढता येतो, त्याला नकाशा काढणारा प्रोग्रामही लिहिता येऊ लागला.

आमच्या कार्यालयात तो एका ड्राफ्ट्समननं लिहिला. वर्ध्याच्या आयटीआयमधून सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला माणूस, कॉम्प्युटरचं शिक्षण शून्य. १९९१ मध्ये कार्यालयात पहिला पीसी आला, तेव्हा सोबतचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचत त्यांनी लिस्प शिकून घेतली. पंधरा वर्षांत त्यांनी एकेचाळीस फाइली लिहिल्या, आणि २००६ मध्ये ते निवृत्त झाले. मी त्या कार्यालयात आले २००८ मध्ये. आमची भेट झालीच नाही. मला भेटला तो त्यांचा कोड.

आणि खरं सांगते, तो बघून मी हसले.

सगळी नावं दोन-तीन अक्षरी. बीडब्ल्यू, एसएस, सीटी. फाइलींची नावं तशीच तुटकी. मध्येच निरर्थक वाटणाऱ्या ओळी. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. काही ओळींच्या शेवटी नुसतं 'पी. एन.' मला वाटलं, पी. एन. नावाचं आणखी कुणी या कोडवर हात चालवून गेलं असेल. मी शिकलेली, वाचलेली. चांगला कोड कसा असावा यावरची जाड पुस्तकं माझ्या टेबलावर. २००९ च्या पावसाळ्यात साइटची कामं थंडावली, तेव्हा मी वरिष्ठांना म्हटलं, हे सगळं साफ करून देते.

आता ते साफ करणं म्हणजे काय, हे समजायला आपल्या दहावीच्या वर्गात जाऊ या.

वर्गाला फळा एकच. पहिल्या तासाला गणिताचे सर येतात, फळ्यावर आकडे मांडतात आणि तास संपला की न पुसताच जातात. दुसऱ्या तासाला विज्ञानाच्या बाई येतात. त्यांना फळ्यावर सरांचे आकडे दिसतात. त्यांनी ते वापरले, तर ठीक. नकळत त्यावरच काही लिहिलं, तर सरांची मांडणी गेली. ऑटोलिस्प असंच चालतं. प्रोग्रामचे लहान लहान तुकडे असतात, त्यांना फंक्शन म्हणतात. एका फंक्शननं एखाद्या नावाखाली आकडा ठेवला, तर तो सगळ्यांच्या फळ्यावर राहतो. कोणतंही दुसरं फंक्शन तो वाचू शकतं आणि बदलूही शकतं.

यावर भाषेतच उपाय दिलेला आहे. फंक्शनच्या पहिल्या ओळीत कंसात एक तिरकी रेघ मारायची आणि तिच्यापुढे नावं लिहायची. म्हणजे ही नावं माझ्या तासापुरती. तास संपला की मशीन ती पुसून टाकतं आणि आधी तिथे जे होतं ते परत लिहून ठेवतं. फार शहाणी सोय आहे. लिस्प साफ करायला बसलेला कुणीही पहिलं काम हेच करतो. उघड्यावर पडलेली नावं शोधतो आणि त्यांना तिरक्या रेघेपलीकडे, आपापल्या घरात नेऊन ठेवतो.

मीही तेच केलं. दीड महिन्यात शेकडो नावं घरात घातली. पी. एन. लिहिलेल्या खुणा कचरा समजून उडवल्या. जुन्या कोडनं आणि नव्या कोडनं काढलेले नकाशे शेजारी ठेवून ताडून पाहिले. तंतोतंत जुळले. कार्यालयात माझं कौतुक झालं. मी चहा पाजला.

जानेवारीत एका साइटवरून फोन आला. नुकताच कामाला लागलेला मुलगा होता. म्हणाला, "मॅडम, इथे सगळी काळी माती आहे, पण सेक्शनमध्ये सीएनएस दिसत नाही. असंच करायचं आहे का?"

सीएनएस म्हणजे काय ते थोडं सांगते. आपल्या काळ्या कापसाच्या मातीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की काठी आत जाते, आणि जुलैत तीच माती फुगून घराच्या भिंती तडकवते. अशा मातीवर कालव्याचं काँक्रीटचं अस्तर थेट घातलं, तर माती फुगली की ते उचलून फुटतं. यावर मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी वर्षानुवर्षं काम केलं. काळी माती आणि अस्तर यांच्यामध्ये चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा जाड थर दाबून घातला, तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कोहेझिव्ह नॉन-स्वेलिंग म्हणून सीएनएस. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यापासून ही पद्धत रुळली. आता ती नेहमीचीच आहे.

पण तो थर घालायचा तर खोदाई तेवढी जास्त हवी. आमच्या त्या वितरिकेला थर होता पाऊण मीटरचा. तळ आणि दोन्ही बाजू मिळून सुमारे सहा मीटर लांबी धरा. म्हणजे कालव्याच्या दर मीटरला साडेचार घनमीटर खोदाई जास्त, आणि एका किलोमीटरला साडेचार हजार घनमीटर. आमच्या नकाशातून हे सगळंच्या सगळं गायब होतं. पोकलेननं दीडशे मीटर कालवा अरुंद खोदून ठेवला होता. तो मुलगा बोलला नसता, तर अस्तरही पडलं असतं, आणि दोन पावसाळ्यांत फुटलं असतं. खाली ज्यांच्या शेतात ते पाणी जायचं होतं, त्यांनी कुणाला विचारायचं होतं?

रात्री दोन वाजता मला कारण सापडलं. जुन्या कोडमध्ये 'माती' नावाचं एक फंक्शन होतं. ते माती-परीक्षणाची फाइल वाचून थराची जाडी 'सीटी' या नावाखाली फळ्यावर ठेवून जायचं. नंतर सेक्शन काढणारं दुसरं फंक्शन फळ्यावर सीटी आहे का बघायचं, असेल तर तेवढी खोदाई वाढवायचं. मी सीटीला उघड्यावर पडलेलं पोर समजून 'माती'च्या घरात कोंडलं. 'माती'चा तास संपला की मशीन सीटी पुसून टाकत होतं. दुसरं फंक्शन येऊन बघायचं तेव्हा फळा कोरा. ऑटोलिस्पमध्ये जे नाव फळ्यावर नाही त्याची किंमत 'काही नाही' अशी धरली जाते. प्रोग्राम अडखळत नाही, ओरडत नाही. थर नाही म्हणजे नसेल, असं समजून शांतपणे पुढे जातो. आणि माझी तपासणी? ताडून पाहायला मी जो भाग घेतला होता, तो सगळा मुरमाड जमिनीतला होता. तिथे सीएनएस लागतच नव्हता. जुळणारच होतं.

कार्यालयानं नुकसान सोसलं. मला कुणी फारसं बोललं नाही, ते जास्त लागलं. मी जुना कोड पुन्हा चालू केला आणि त्या रविवारी सकाळची गाडी पकडून पुलगावला गेले. ड्राफ्ट्समन काका तिथे राहत होते.

अंगणात कडुनिंब, ओसरीत भिंतीला टेकून उभा केलेला जुना ड्रॉइंग बोर्ड. मी माझी ओळख सांगितली, झालेलं सगळं सांगितलं, आणि कोडचे छापील कागद पुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला. स्केलची कड एकेका ओळीखाली सरकवत ते वाचू लागले, जसं एखादा नकाशा तपासतो. एका जागी थांबले.

"मॅडम, इथं पी. एन. होतं. कुठं गेलं?"

"काढलं काका. मला वाटलं कुणाचं नाव असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाव? पी. एन. म्हंजे 'पुसू नये'. शाळेत मास्तर फळ्यावर लिहत नव्हते काय?"

मित्रांनो, मी मान खाली घातली. आपले गणिताचे सर समोर बसले आहेत. आठवतं? अर्धं राहिलेलं प्रमेय फळ्याच्या कोपऱ्यात, भोवती चौकट, आणि खाली 'पुसू नये'. ज्यांच्याकडे डस्टर असायचं ते मॉनिटर त्या चौकटीला घाबरून असायचे. मी पाच वर्षं ती चौकट पाहिली होती. आणि तीच चौकट दोन अक्षरांत समोर आली, तेव्हा डस्टर फिरवून मोकळी झाले होते.

काका पुढे जे म्हणाले ते मी तसंच सांगते. आपल्या बोलीत पुसणं म्हणजे पुसून टाकणं आणि पुसणं म्हणजे विचारणंही.

"पुसायच्या आधी पुसा लागते न पोरी. मले पुसलं असतं त सांगतलं असतं. मी काय मेलतो?"

मॅडमची पोरी झाले, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

त्यानंतर मी पाच रविवार पुलगावला गेले. एकेक फाइल काढायची, एकेक विचित्र ओळ दाखवायची, आणि विचारायचं, काका, हे का? माझ्या हसण्याची उत्तरं तिथे मिळाली.

नावं दोन अक्षरी का? तर डॉसच्या जमान्यात ऑटोलिस्पला सगळी मिळून फक्त ४५,००० बाइट जागा मिळायची. आज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा 'सुप्रभात'चा एक फोटो त्याहून मोठा असतो. सहा अक्षरांपर्यंतचं नाव कमी जागेत मावायचं, त्याहून लांब नाव जास्त जागा खायचं. फाइलीच्या नावालाही आठच अक्षरं मिळायची. तो आळस नव्हता, काटकसर होती. माती-परीक्षणाची फाइल एकदाच वाचून आकडा फळ्यावर का ठेवला? तर फ्लॉपी वाचायला वेळ लागायचा. प्रत्येक सेक्शनला वाचत बसलं, तर साडेसहाशे सेक्शनला रात्र उलटायची. प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला 'व्हीमॉन' नावाची एक ओळ होती. ती जागा पुरेनाशी झाली की फंक्शनं आलटून पालटून आत-बाहेर करण्यासाठी. एका जागी प्रोग्राम अर्धा सेकंद नुसता थांबत होता, कारण तेव्हाचा प्लॉटर मागे पडायचा. आणि एका ठिकाणी अंतरात एक मिलिमीटर उगाच वाढवला होता. मी म्हटलं, ही तर चूकच आहे. काका म्हणाले, सर्वेवाले कधी कधी एकाच चेनेजवर दोन लेव्हल लिहून आणतात. मग अंतर शून्य येतं, शून्यानं भागायची पाळी येते आणि प्रोग्राम कोसळतो. एका मिलिमीटरनं जमिनीचं काही बिघडत नाही.

मी वहीत दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं 'कारण मेलं', दुसऱ्यावर 'कारण जिवंत'. व्हीमॉन पहिल्या रकान्यात गेला, कारण आजच्या ऑटोकॅडमध्ये ती ओळ काहीच करत नाही. अर्धा सेकंद थांबणंही पहिल्यात, तो प्लॉटर केव्हाच भंगारात गेला. दोन अक्षरी नावंही पहिल्यात, आता जागेला तोटा नाही. एक मिलिमीटर दुसऱ्यात. सर्वेवाले अजून तसेच आहेत. सीटी दुसऱ्यात, कारण काळी माती कुठे जाणार?

मला या कामातून जे समजलं ते एवढंच आहे. कोड साफ करणारा माणूस विचारतो, ही ओळ बरी दिसते का? विचारायला हवं, ही ओळ ज्या कारणानं आली ते कारण अजून आहे का? कारण मेलं असेल, तर ओळ कितीही देखणी असो, पुसा. कारण जिवंत असेल, तर ओळ कितीही कुरूप असो, तिला नीट नाव द्या आणि कारण शेजारी लिहून ठेवा. अडचण अशी की कारण बहुतेक वेळा कोडमध्ये नसतं. ते एखाद्या माणसाकडे असतं, आणि तो माणूस पुलगावला राहत असतो.

हे फक्त आमच्यासारख्या लहान कार्यालयात होतं असं समजू नका. जगभरचे प्रोग्रामर ईमॅक्स नावाचा एक लिहिण्याचा प्रोग्राम वापरतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये तो लोकांपुढे ठेवला. त्याचा मोठा भाग लिस्पमध्ये आहे आणि तोही एकाच फळ्यावर चालायचा. २०१२ मध्ये आलेल्या चोविसाव्या आवृत्तीपासून त्यात दुसरी पद्धत आली. सगळ्यांना एक फळा नको, ज्याची त्याची वही. पण ती त्यांनी एका दिवसात सगळीकडे लागू केली नाही. ज्या फाइलीच्या पहिल्या ओळीत तशी खूण लिहिली, तेवढ्याच फाइलीला वही. बाकीच्या फाइली जुन्याच पद्धतीनं चालू. का? कारण कुणाचा आकडा कोण वाचतं आहे, हे ओळ न ओळ पाहिल्याशिवाय कळत नाही. माझ्या सीटीचं जे झालं, ते त्यांचं हजार जागी झालं असतं. म्हणून जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षं एकेक फाइल तपासत ते काम केलं. शिवाय जे नाव खरोखर सगळ्यांसाठी फळ्यावर राहायला हवं, ते मुद्दाम जाहीर करायची सोय ठेवली. मधूनच एखादं न जाहीर केलेलं नाव आलं, की मशीनच विचारतं, हे कुठून आलं? ती आपली 'पुसू नये'ची चौकटच आहे, फक्त सगळ्यांना वाचता येईल अशी.

अशा जपणुकीचं फळ काय, तर त्याच ईमॅक्समध्ये २०२३ च्या आवृत्तीत मोडी लिपी लिहायची सोय आली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या खरेदीखतांची मोडी. अडतीस वर्षांच्या प्रोग्रामला नवा पाहुणा घरात घेता आला, कारण घर कुणी पाडलं नव्हतं आणि कुणी घाणही ठेवली नव्हती.

मला पुष्कळदा विचारतात, एवढा त्रास कशाला? सगळं नव्यानं, नव्या भाषेत का लिहीत नाही? आमच्याकडे तेही झालं. काही फाइली आम्ही व्हीबीए नावाच्या दुसऱ्या भाषेत नेल्या होत्या. ऑटोकॅडच्या २०१० च्या आवृत्तीपासून ती सोबत येईनाशी झाली, वेगळी उतरवून बसवावी लागते. काकांची १९९१ ची लिस्प मात्र नव्या मशीनवर आजही उघडते आणि चालते. आणि नव्यानं लिहायचं म्हटलं, तरी तो एक मिलिमीटर नव्या माणसाला कोण सांगणार? तो पुन्हा एकदा कोसळूनच शिकेल.

दुसऱ्यांदा साफ करायला बसले, तेव्हा आम्ही रीत बदलली. आधी जुन्या कामांतून वेगवेगळ्या जमिनींचे भाग निवडले: काळी माती, मुरूम, खडक, भराव, आणि एकाच चेनेजवर दोन लेव्हल असलेला एक वात्रट भागही. कोडमध्ये एक बदल केला की सगळ्या भागांवर जुना आणि नवा कोड चालवायचा आणि घनमीटरचे आकडे दशांशापर्यंत ताडायचे. जुळले तर दुसरा बदल. एका दिवसात दोन-तीनच व्हायचे. सीटीचं नाव आता 'सीएनएस-जाडी' असं पूर्ण आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चांदणी आहे. सगळ्यांसाठी असलेल्या नावाला चांदण्या लावायची लिस्पवाल्यांची जुनी रीत आहे. खाली मराठीत दोन ओळी आहेत, हे फळ्यावर का ठेवलं आहे आणि कोण वाचतं. पी. एन. ही खूण मी जिथे होती तिथे परत लिहिली. नवीन मुलांना ती कामाच्या पहिल्याच दिवशी समजावून सांगते.

पाच रविवारांत अडतीस फाइली झाल्या. सहावा रविवार पुढे ढकलला, कारण माझं एक काम निघालं. मग पावसाळा आला, मग काकांची तब्येत. २०११ च्या दिवाळीआधी ते गेले.

तीन फाइली राहिल्या. त्या आजही आहेत तशाच आहेत. बंधाऱ्याच्या पायाचं काहीतरी गणित आहे, उत्तर बरोबर येतं, पण मध्ये एक आकडा आहे त्याचं कारण आम्हाला कुणालाही लावता येत नाही. हुशार मुलं येतात, म्हणतात, मॅडम, हे काढू का? मी म्हणते, नको. ज्याला पुसायचं तो माणूस राहिला नाही. त्या फाइलींच्या डोक्यावर मी एकच ओळ लिहून ठेवली आहे: 'कारण माहीत नाही, सहावा रविवार गेला नाही म्हणून.'

मित्रांनो, पस्तीस वर्षांनी आपण इथे जमलो आहोत. आपण सगळे आपापल्या घरी, दुकानात, शेतात, दवाखान्यात काहीतरी साफ करतच असतो. सासूबाईंची पद्धत, वडिलांचा बांध, जुन्या डॉक्टरांची एखादी सवय. त्यातलं पुष्कळ खरंच पुसण्यासारखं असतं. जुनं आहे म्हणून ठेवा, असं मी म्हणत नाही. व्हीमॉन ठेवून काही उपयोग नाही. पण पुसण्याआधी पुसा. आणि ज्याला पुसायचं तो समोर असेल तोवर पुसा.

मी स्वतःपासून सुरुवात करते. सर, तुम्ही फळ्याची डावीकडची वीतभर जागा नेहमी कोरी सोडायचा. तुमचं बघून मीही वहीत डावीकडे तेवढी जागा सोडायला लागले. पस्तीस वर्षं सोडते आहे. माझ्या हाताखालची मुलंही आता सोडतात. का, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. जेवताना मी तुमच्या शेजारी बसणार आहे. मला ते पुसायचं आहे.



(स्मरणिकेसाठी मजकूर देताना: सरांनी उत्तर दिलं. म्हणाले, "अगं, त्या फळ्याचा डावीकडचा भाग ओल लागून खराब झाला होता. खडू उमटायचा नाही." म्हणजे कारण केव्हाच मेलं. ती जागा आता पुसायला हरकत नाही. वहीत मी ती अजून सोडते, पण आता का सोडते ते मला माहीत आहे.)